'वीग्वास' संस्कृतातून आलेला नाही, आणि फोटोतलं झाडही बर्च नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत भूर्जपत्राबद्दल, म्हणजे ज्यावर पूर्वी पोथ्या लिहीत त्या हिमालयातल्या बर्चच्या (भूर्जाच्या) सालीबद्दल, पानभर लेख आला होता. लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदानं, कारण भूर्जपत्रावर मराठीत कोण लिहितंय हल्ली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्यात तीन गोष्टी चुकल्या आहेत. दुरुस्ती चौकटीत छापाल तर बरं, म्हणून हे पत्र. पत्र लांबणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. कापायचं असेल तर शेवटून कापा, मधून नको.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्ही ठरवाल. मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात ३४ वर्षं बायंडर होतो. फाटकी पुस्तकं उसवायची, जुजबंदी करायची, खळ लावायची, शिकंज्यात दाबायची. भाषाशास्त्र शिकलेलो नाही. पण कागद, पुठ्ठा, कापड, चामडं यातलं काय कुठल्या दिशेनं वाकतं आणि कुठल्या दिशेनं फाटतं, हे बोटांना कळतं. धाकटी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठी, डुलुथ नावाच्या गावी असते. २०१९ आणि २०२३ असे दोन उन्हाळे मी तिच्याकडं काढले. तिथं ज्या ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या भाषेबद्दल आपल्या लेखकानं लिहिलंय, त्यांच्यातल्या एका बाईंच्या हाताखाली मी दोन दिवस बर्चच्या सालीचा डबा शिवायला बसलो होतो. शिकवणी म्हणाल तर एवढीच.

आता पहिली चूक. लेखासोबत 'बर्चचे बन' म्हणून जो मोठा रंगीत फोटो आहे, ती झाडं बर्च नाहीत. ती अ‍ॅस्पेन आहेत. दोन्हींचं खोड पांढरं, त्यामुळं गफलत होते. मीही पहिल्या आठवड्यात रोज करायचो आणि नात हसायची. पण फोटो नीट बघा. खोडावर काळे डोळ्यांसारखे डाग आहेत, जुन्या फांद्या गळल्याच्या खुणा. साल घट्ट चिकटलेली आहे, कुठं पापुद्रा सुटलेला नाही. पांढऱ्यात हिरवट झाक आहे. असल्या खोडाला तळवा घासला तर पांढरी भुकटी हाताला लागते. बर्चचं तसं नसतं. त्याच्या सालीवर आडव्या बारीक रेघा असतात, वहीवर कुणी पट्टी न धरता ओढल्यासारख्या, आणि साल कागदासारखी आडवी सुटून लोंबत असते. इंग्रजीत त्याला पेपर बर्च म्हणतात ते उगीच नाही. अ‍ॅस्पेनचं पानही वेगळं. त्याचा देठ चपटा असतो, त्यामुळं जराशा वाऱ्यानंही पान थरथरतं, आपल्याकडं पिंपळाचं हलतं तसं.

दुसरी चूक मोठी आहे, आणि खरं तर तिच्यासाठीच मी लिहायला बसलो. लेखकानं म्हटलंय की तिथल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत बर्चला 'विगवास' म्हणतात, आणि हा शब्द 'वृक्षवास' या संस्कृत शब्दावरून आला. वास म्हणजे वस्त्र, झाडाचं वस्त्र म्हणजे साल. सुंदर आहे. वल्कलं नेसलेले ऋषी डोळ्यांसमोर येतात. पण खरं नाही.

शब्द आहे 'वीग्वास'. वी दीर्घ, मधला ग पाय मोडलेला, वा दीर्घ. त्यांची भाषा हल्ली रोमन अक्षरांत लिहितात, आणि ऱ्हस्व-दीर्घ दाखवायला एक ए की दोन ए, एक आय की दोन आय, असं करतात. आपल्याला त्याची गरज नाही, आपल्याकडं अ वेगळा नि आ वेगळा. म्हणून मराठीत हे शब्द इंग्रजीपेक्षा जास्त नेमके लिहिता येतात, आणि म्हणूनच ते चुकीचे लिहिलेले जास्त टोचतात.

नुसत्या आवाजावरून नाती जोडायची म्हटली तर कुठपर्यंत जाता येतं ते बघा. आपण ज्या अ‍ॅस्पेनचा फोटो छापलात, त्या झाडाला ओजिब्वे भाषेत 'अझादी' म्हणतात. थट्टा करत नाही. पहिला अ ऱ्हस्व, झ आपल्या 'झाड'मधल्या झच्या जवळचा, शेवटी दी. आता यावरून कुणी असं म्हणेल का, की फारसी आझादी सुपीरियर सरोवराच्या काठावर जाऊन रुजली आणि वाऱ्यात थरथरायला लागली? नाही ना? मग वृक्षवास तरी कसा चालेल?

गंमत अशी की भूर्ज या शब्दाला खरेच नातलग आहेत. लेखक त्यांच्या दारावरून गेला आणि कडी वाजवायची विसरला. इंग्रजीतला 'बर्च' हाच भूर्जाचा चुलतभाऊ. जर्मनमध्ये बिर्के, रशियनमध्ये बेर्योझा, लिथुआनियनमध्ये बेर्झास. मुळात अर्थ पांढरं, चकाकणारं असा. आणि हे नातं आवाज जुळला म्हणून लावलेलं नाही. संस्कृतात जिथं भ, तिथं इंग्रजीत ब, हा नियम अनेक शब्दांत दिसतो: भ्राता आणि ब्रदर, भू आणि बी, भरति आणि बेअर. कुटुंब एक असलं की असं होतं. ओजिब्वे त्या कुटुंबातली नाही. ती अल्गाँक्विअन कुळातली. क्री, पोटावाटोमी या तिच्या बहिणी. म्हणजे ज्याला आपण परका समजतो तो 'बर्च' घरचा निघाला, आणि ज्याला लेखकानं ओढून घरात घेतलं तो 'वीग्वास' स्वतःच्या घरात सुखात आहे.

त्या घराबद्दल थोडं सांगतो.

डुलुथ हे गोऱ्यांनी दिलेलं नाव. ओजिब्वे भाषेत त्या जागेला ओनिगमीन्सिंग म्हणतात, म्हणजे जिथं होडी पाण्यातून काढून थोडं अंतर खांद्यावरून न्यायची ती लहान वाट, तिथं. गावासमोर सरोवरात जमिनीची एक लांब अरुंद पट्टी गेलेली आहे. वळसा घालायच्या ऐवजी होडी उचलायची, पट्टी ओलांडायची, पलीकडं पुन्हा पाण्यात. होडी खांद्यावर घेता येईल इतकी हलकी हवी, तरच असलं नाव पडतं. आणि होडी तितकी हलकी असते ती बर्चच्या सालीमुळं. वीग्वासी-जीमान. जीमान म्हणजे होडी.

तिथल्या एका संग्रहालयात मी अशी होडी अर्धा तास फिरून फिरून बघितली. पहारेकऱ्याला संशय आला असावा. एकही खिळा नाही. आतल्या बरगड्या सीडरच्या लाकडाच्या (त्या झाडाला गीझिक म्हणतात), शिवण स्प्रूसच्या मुळांची (वदब), आणि सांध्यांवर राळ (बिगिव), तीत चरबी आणि कोळशाची पूड कालवलेली. मला वाटलं होतं पांढरी शुभ्र होडी असेल, चित्रात काढतात तशी. प्रत्यक्षात ती बाहेरून तांबूस तपकिरी होती. झाडावर जी बाजू बाहेर असते ती होडीत आत जाते. याचं कारण मला दुसऱ्या दिवशी साल हातात आल्यावर कळलं. झाडावरून सोडवलेली साल सुटली की उलट्या बाजूनं गुंडाळते, पांढरी बाजू पोटात घेऊन. बायंडरला हे लगेच पटतं. पुठ्ठ्याला एकाच बाजूनं खळ लावून बघा, तो स्वतः ठरवतो कुठं वळायचं. त्याच्याशी भांडायचं नसतं. या लोकांनी होडीचा आकार त्या वळणावरच बसवलाय.

डबा शिवायचं शिबिर गावातल्या वाचनालयात होतं. मुलीनं नाव घातलं, "आप्पा, तुम्ही नुसते घरात बसून माझ्या पुस्तकांचे कणे बघत बसता," म्हणून. शिकवणाऱ्या बाई डुलुथजवळच्याच फाँ दु लाक इथल्या ओजिब्वे. वय सत्तरीच्या पुढं. त्यांचं नाव छापायची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून लिहीत नाही. मनात मी त्यांना आजी म्हणायचो, खरं तर माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील.

सुरुवातीला त्यांनी साल कशी काढतात ते सांगितलं. जूनच्या शेवटी, जुलैच्या सुरुवातीला, गरमी वाढली की साल सैल होते. खोडावर उभी एकच चीर द्यायची, फक्त बाहेरच्या सालीपुरती. आतल्या सालीला सुरी लागता कामा नये. नेमक्या दिवसांत चीर दिली की साल आपणहून फट्कन आवाज करत सुटते. नीट काढली तर झाड जगतं, पण ती पांढरी साल पुन्हा येत नाही, तिथं काळपट खरबरीत खपली धरते. काढायच्या आधी झाडाच्या बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवायची. तंबाखूला असेमा म्हणतात. आम्ही आठ-दहा जण होतो, त्यातल्या एका तरुण मुलानं विचारलं, तंबाखू का? त्या म्हणाल्या, काही मागायचं तर रिकाम्या हातानं जाशील का? आमच्याकडं कुणाच्या दारात जाताना नारळ नेतात, हे मी त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग प्रत्येकाच्या हातात सालीचा तुकडा आला. गरम पाण्यात बुडवून मऊ केलेला, जाडीला आपल्या फाइलच्या पुठ्ठ्याइतका. वास ओल्या लाकडाचा, किंचित गोड. नखानं कडेला उचकटलं तर पापुद्रे सुटत होते, एकाखाली एक, कांद्याच्या सालीसारखे पातळ, आणि प्रत्येक पापुद्र्यावर त्याच आडव्या रेघा. चार बाजू दुमडून, कोपरे एकमेकांवर घेऊन, भोकं पाडून शिवायचे, की डबा. त्याला म्हणतात मकक. बर्चच्या सालीचा तो वीग्वासी-मकक. दोरा म्हणून त्या दिवशी बासवूड नावाच्या झाडाची आतली साल होती, भिजवून तिच्या पट्ट्या काढलेल्या. तिचं नाव वीगोब. टोच्याला मिगोस.

भोकं पाडायची म्हटल्यावर मला चेव आला. हे काम माझं. मी पट्टीनं अंतर धरून एका सरळ रेषेत अकरा भोकं पाडली, जशी पुस्तकाच्या कण्याला पाडतात, एकसारखी. शेजारची कॉलेजातली मुलगी कौतुकानं बघत होती. पहिला टाका घालून वीगोब ओढला आणि साल त्या भोकांच्या रेषेत टर्रकन फाटली, बसचं तिकीट फाडावं तशी. माझी रेषा नेमकी सालीवरच्या आडव्या रेघेवरून गेली होती. ३४ वर्षं लोकांना 'ग्रेन बघा, ग्रेन बघा', म्हणजे कागदाचे धागे कुठल्या दिशेनं जातात ते बघा, म्हणून ओरडलेला मी.

आजी उठून आल्या. हसल्या नाहीत. त्यांनी त्यांचा डबा दाखवला. टाके वाकडेतिकडे वाटत होते ते वाकडे नव्हते: एक भोक वर, दुसरं खाली, तिसरं वर. कुठलीही दोन शेजारची भोकं एका रेघेवर नाहीत. नवा तुकडा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, सरळ रेघ झाडानं आधीच काढून ठेवलीय, तू दुसरी काढू नको. हे वाक्य मी माझ्या डायरीत मराठीत लिहून ठेवलंय. मूळ इंग्रजी आता आठवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना झाडाचं नाव विचारलं. खिडकीतून बाहेर बोट केलं, अंगणात एक होतं. त्या म्हणाल्या, वीग्वास. मग टेबलावरच्या सालीकडं बोट केलं. वीग्वास. मी म्हटलं, झाड आणि साल दोन्हीला एकच? त्यांनी मोजून दाखवलं. बाहेरची झाडं अनेक असली तर वीग्वासग. टेबलावरचे तुकडे अनेक असले तर वीग्वासन. त्यांच्या भाषेत पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. नामं दोन प्रकारची, सजीव आणि निर्जीव, आणि अनेकवचनाचा प्रत्यय त्यावरून ठरतो. उभं झाड सजीव. सोललेली साल निर्जीव. एकाच शब्दाला शेवटी 'ग' लागला की तो श्वास घेतो, 'न' हे अक्षर लागलं की तो सामान होतो. मितिग या शब्दाचंही तसंच. सजीव असेल तर झाड, निर्जीव असेल तर काठी.

मला वाटलं कळलं. म्हणून मी शहाणपणानं म्हणालो, म्हणजे दगड निर्जीव. त्या म्हणाल्या, नाही, दगड सजीव. असिन. आणि भांडं, किटलीसारखं, अकिक, तेही सजीव. तंबाखूही. तेव्हा व्याकरण म्हणजे जीवशास्त्र नव्हे, एवढं मी समजून घेतलं आणि गप्प डबा खाल्ला. पोळी-भाजीच होती. आपण तरी टेबलाला नपुंसक आणि खुर्चीला बाई का म्हणतो, कुणाला सांगता येतं?

आणखी एक नाव सांगतो. पिवळ्या सालीचा बर्च असतो, त्याला ते वीग्वास म्हणतच नाहीत. तो वीनिझिक. त्याची कोवळी काडी मोडून चावली तर तोंडात आयोडेक्स लावल्यासारखा वास भरतो. तेच द्रव्य त्यात आहे, सांधेदुखीच्या मलमात असतं ते. इंग्रजीत दोन्ही बर्च, वर्गीकरणातही एका कुळातले. पण ज्यांचा रोजचा संबंध सालीशी, त्यांना दोन वेगळी झाडं दिसतात, कारण पिवळ्याची साल बारीक चिंध्यांसारखी सुटते, तिचा ना डबा होतो ना होडी. शब्द असे कामातून येतात. ते आपल्या लेखकाच्या टेबलावर बसून सापडायचे नाहीत.

वस्तूंची यादी देत नाही, पण दोन वस्तूंशी माझं वैर-मैत्र जडलं. एक म्हणजे नोश्काचिनागन. त्यांच्याकडं सरोवराच्या उथळ पाण्यात एक धान्य आपोआप उगवतं, मनोमिन, इंग्रजीत वाइल्ड राइस. होडीतून जाऊन काठ्यांनी झोडून ते गोळा करतात, भाजतात, पायानं तुडवतात, आणि मग बर्चच्या सालीच्या या पसरट ताटात घेऊन पाखडतात. सूपच ते. मी ते हातात घेतलं आणि आपोआप मनगट फिरलं. आई अंगणात बसून पाखडायची तसं, एक झटका वर, एक बाजूला, कोंडा पुढं, दाणा मागं. आजींनी पहिल्यांदाच माझ्याकडं जरा कौतुकानं बघितलं. सकाळी फाडलेल्या सालीची थोडी भरपाई झाली. (आणि इथंही सांगतो, आमचं सूप बांबूचं. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. धान्यातून कोंडा काढायचा तर जगात सगळ्यांचं मनगट तसंच फिरणार.)

दुसरी गोष्ट साखरेची. वसंतात, म्हणजे त्यांच्या मार्च-एप्रिलात, रात्री बर्फ आणि दिवसा ऊन असं सुरू झालं की मेपलच्या झाडातून रस टपकतो. तो धरायला बर्चच्या सालीची दुमडून केलेली भांडी. ४० लिटर रस आटवला की १ लिटर पाक. अजून आटवून घोटला की साखर. झीन्झिबाक्वद. ती वर्षभर ठेवायची तीही मककमध्येच. मी कोल्हापूरचा, मला गुऱ्हाळ काय नवीन? पण आमच्या गुऱ्हाळात रस आटवायचा तर मोठी लोखंडी काहील लागते. या लोकांकडं धातूची भांडी यायच्या आधीही ते सालीच्या भांड्यात पाणी उकळायचे. आत पाणी आहे तोवर साल जळत नाही. आणि गंमत म्हणजे तीच साल कोरडी असो वा ओली, काडी लावली की रॉकेल टाकल्यासारखी पेटते, कारण तिच्यात तेल असतं. म्हणजे चूल पेटवायला तीच आणि चुलीवर ठेवायलाही तीच.

साल कुजत का नाही, तेही तिथंच बघायला मिळालं. जंगलात पडलेलं बर्चचं खोड पायानं दाबलं तर आतलं लाकूड भुसा होऊन गेलेलं, पण बाहेरची साल नळीसारखी अभंग. बेट्युलिन नावाचं द्रव्य सालीत भरलेलं असतं. सालीचा पांढरा रंग त्याचाच, आणि पाणी आत शिरू देत नाही तेही तेच. भूर्जाच्या सालीतही तेच आहे, म्हणून तर काश्मीरची पोथी टिकली.

आणि इथं मी तिसऱ्या चुकीवर येतो. आपल्या लेखात एक वाक्य आहे: 'लेखनकला अवगत नसलेल्या रेड इंडियनांना या झाडाचा उपयोग सरपण आणि झोपड्यांपुरताच माहीत होता.' रेड इंडियन हा शब्द आता तरी टाकून द्या. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. ओजिब्वे, ओजिब्वा, चिप्पेवा ही सगळी एकाच लोकांची नावं, उच्चार कुणी कसा ऐकला त्यावर गेलेली. आणि लेखनाचं म्हणाल तर बर्चच्या सालीच्या लांब गुंडाळ्या, वीग्वासबक, हा त्यांचा फार जुना वारसा आहे. सालीच्या आतल्या बाजूवर हाडाच्या टोकदार काडीनं चित्रखुणा कोरायच्या. गाणी, कथा, प्रवासाच्या वाटा, विधींचा क्रम. मी बघितली का? नाही. त्यातल्या अनेक त्यांच्या धर्मविधीच्या आहेत, बाहेरच्यांना दाखवायच्या नसतात. आजींनी दाखवल्या नाहीत, मी विचारलं नाही. पण त्या आहेत एवढं सांगायला मला त्या बघाव्या लागत नाहीत.

आता आपली बाजू बघा. कालिदासानं कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात हिमालयातल्या विद्याधरांच्या स्त्रिया भूर्जाच्या सालीवर गेरूसारख्या रंगानं प्रेमपत्रं लिहितात असं म्हटलंय. पुण्याला भांडारकर संस्थेत ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोनं २००७ मध्ये नोंद घेतली, त्यातलं एक भूर्जपत्रावरचं आहे, काश्मीरच्या जुन्या शारदा लिपीतलं. संस्कृतचे जर्मन अभ्यासक डॉ. ब्यूलर १८७५ मध्ये काश्मीरात फिरले तेव्हाच्या संग्रहातली अशी भूर्जपत्रं पुण्यात आली. काश्मीरची शाई कशी करत तेही ब्यूलरनं लिहून ठेवलंय: बदाम जाळून त्याचा कोळसा करायचा आणि तो गोमूत्रात उकळायचा. ही शाई पाण्यानं पुसली जात नाही. मी नोकरीत असताना पुण्यात जतनाच्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथं शिक्षकांनी भूर्जाचा एक सुटा, कोरा, अंगठ्याएवढा तुकडा चिमट्यात धरून दाखवला होता. हात लावू दिला नाही. पापुद्रे एकमेकांपासून सुटलेले, कडा बिस्किटासारख्या. आणि त्यावर आडव्या बारीक रेघा होत्या. डुलुथच्या टेबलावर ओली साल हातात आली तेव्हा मला पहिल्यांदा तोच तुकडा आठवला.

दोन झाडं, एकाच जातकुळीतली, पृथ्वीच्या दोन अंगांना. दोन लोक, ज्यांची कधी गाठ पडली नाही. दोघांनाही ती साल हातात घेतल्यावर हिच्यावर काहीतरी उमटवावं असं वाटलं. आपल्या लेखकाला ही एवढी मोठी गोष्ट समोर असताना तिच्यावर 'आमच्याकडून गेलं' हा शिक्का मारावासा का वाटला, ते मला कळत नाही. ही सवय नुसती त्यांची नाही. माझे एक मित्र आहेत, त्यांना जपानी भाषेतही तमिळ, संस्कृत, मराठी सगळं ऐकू येतं. रंकाळ्यावर फिरायला गेलो की मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालतो, त्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणजे वाद कमी होतो.

या शब्दांना जपायचं कारण आणखी एक आहे. आजींच्या आईच्या पिढीतल्या मुलांना सरकारी आणि मिशनच्या निवासी शाळांत नेऊन ठेवत. तिथं घरची भाषा बोललं की शिक्षा. आजी म्हणाल्या, आईला वीग्वास माहीत होता पण ती आमच्यासमोर बर्च म्हणायची. त्यांनी स्वतः हे शब्द चाळिशीत पुन्हा शिकले, एका म्हाताऱ्या मावशीकडून. इतक्या कष्टानं परत मिळवलेल्या शब्दाचा मालक कोण, हे कोल्हापुरात किंवा पुण्यात बसून कुणी परस्पर ठरवू नये, असं मला वाटतं. इंग्रजांनी आपल्या शब्दांचं असं केलं की आपल्याला राग येतोच ना.

झाडाचं आजचं हाल दोन्हीकडं सारखंच आहे. तिकडं दुष्काळ, गरम होत चाललेली जमीन आणि खोड पोखरणारा एक भुंगा यांनी बर्च मरतायत. वर, ख्रिसमसला दारात पांढऱ्या काठ्या ठेवायची फॅशन आल्यामुळं लोक रात्री दुसऱ्याच्या रानात जाऊन कोवळी झाडं तोडून नेतात. इकडं गंगोत्रीच्या वर भोजबासा म्हणून जागा आहे, नावच भूर्जांवरून. यात्रेकरूंच्या शेकोट्यांत तिथले भूर्ज जवळजवळ संपले. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी त्या भागात भूर्जाची रोपं लावून वाढवायचं काम केलं. आपला लेख छापून आला त्या आठवड्यात मी मुद्दाम महाद्वार रोडला गेलो. एका पूजेच्या दुकानात 'असली भोजपत्र' मागितलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत पोस्टकार्डाएवढा तुकडा, चाळीस रुपये. यंत्र लिहायला नेतात. घरी आणून भिंगाखाली धरला. भूर्जच होता, आडव्या रेघा स्पष्ट होत्या. पुन्हा घेणार नाही.

बाकी आपण सगळेच बर्चला ओळखतो, फक्त नावानं नाही. आइस्क्रीमची काडी पुष्कळदा त्याचीच असते. आणि चांगल्या कॅरम बोर्डाची प्लाय बर्चची. आमच्या तालमीजवळच्या मंडळात एक बोर्ड आहे, त्यावर मी गेली वीस वर्षं हरतोय.

तर दुरुस्ती अशी छापावी, ही विनंती. एक, ओजिब्वे भाषेत पेपर बर्चला 'वीग्वास' म्हणतात, आणि या शब्दाचा संस्कृतशी संबंध नाही. भूर्जाशी नातं आहे ते इंग्रजी 'बर्च'चं. दोन, या लोकांकडं सालीवर कोरून ठेवायची स्वतःची परंपरा आहे. तीन, फोटो. नवा फोटो मिळत नसेल तर मी पाठवतो, मुलीच्या अंगणातला आहे. त्याच्या कोपऱ्यात नातीची सायकल आलीय, ती कापून घ्या. जुनाच पुन्हा वापरायचा झाला तरी हरकत नाही, फक्त खाली 'अझादी' असं लिहा. पहिला अ ऱ्हस्व.

मी शिवलेला मकक टेबलावर आहे. त्यात दाभणं, सुया आणि मेणाचा गोळा ठेवतो. दुसऱ्या तुकड्याचा आहे तो. टाके वर-खाली आलेत आणि एके ठिकाणी मी पुन्हा चुकलोय, तिथं आजींनी राळेचा ठिपका देऊन दिला.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बायंडर
मंगळवार पेठ, कोल्हापूर